फिजिशियन असिस्टंट ते हॉस्पिटल व्यवस्थापन: वाट कशी धरायची आणि कुठे जपायचं

कार्डियाक सर्जरी, आयसीयू, नेफ्रोलॉजी, ऑर्थो, कुठल्याही विभागात फिजिशियन असिस्टंट (पीए), म्हणजे डॉक्टरांच्या देखरेखीखाली क्लिनिकल काम करणारा प्रशिक्षित सहायक, म्हणून पाच-सहा वर्षं काढली की 'पुढे काय?' हा प्रश्न समोर येतोच. राउंड, केस शीट, ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) असिस्ट, डिस्चार्ज समरी, नातेवाइकांशी बोलणं, हे सगळं हातात बसलेलं असतं. सर डोळे झाकून विश्वास टाकतात. पण पगार आणि हुद्दा दोन्ही एका जागी थांबतात, कारण आपल्याकडे पीएसाठी वरच्या पायऱ्याच फारशा बांधलेल्या नाहीत. मी कार्डियाक सर्जरीतून ऑपरेशन्समध्ये आले. त्या वेळी मला हवी असलेली माहिती एका जागी कुठेच नव्हती, म्हणून हे लिहिते आहे. हे मुख्यतः महाराष्ट्रातल्या खासगी आणि ट्रस्ट हॉस्पिटलांत काम करणाऱ्यांसाठी आहे.

आधी आपली पार्श्वभूमी नीट सांगता आली पाहिजे. मुलाखतीला बसलेल्या एचआरला पीए म्हणजे 'पर्सनल असिस्टंट' वाटतो, हे आजही घडतं. भारतात हा अभ्यासक्रम १९९२ मध्ये चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये डॉ. के. एम. चेरियन यांच्या पुढाकाराने सुरू झाला. अमेरिकेत त्याची सुरुवात १९६५ मध्ये ड्यूक विद्यापीठात झाली होती. आपल्याकडे २०२१ चा नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायदा आला आणि त्याच्या परिशिष्टात 'फिजिशियन असोसिएट' या नावाने आपल्या व्यवसायाला जागा मिळाली. ही तीन वाक्यं तोंडपाठ ठेवा. समोरच्याला नीट कळलं की तुमच्याकडे बघण्याची त्याची नजर बदलते.

१. नोकरी सोडण्याआधी ठरवा, नेमकं कुठल्या दारातून आत जायचंय

'अ‍ॅडमिनमध्ये जायचंय' हे उत्तर अपुरं आहे. हॉस्पिटलच्या कारभारात निदान पाच वेगळी दारं आहेत आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे.

ऑपरेशन्स: फ्लोअर मॅनेजर, ओपीडी किंवा आयपीडी (दाखल रुग्णांचा विभाग) मॅनेजर, पुढे युनिट हेड. दिवसभर पायावर उभं राहायचं, फोन बंद करायचा नाही, आणि लिफ्ट बंद पडण्यापासून नातेवाइकांच्या भांडणापर्यंत सगळं आपलंच. ज्यांना माणसांत राहायला आवडतं त्यांनी इथे यावं.

क्वालिटी: एनएबीएचची (हॉस्पिटलांच्या गुणवत्तेला मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) तयारी, ऑडिट, इन्सिडेंट रिपोर्ट, ट्रेनिंग. लिहिण्याची आणि चिकाटीची आवड हवी. पीएला हे दार सगळ्यात लवकर उघडतं असं माझं मत आहे, कारण फाइलमध्ये काय असायला हवं आणि प्रत्यक्षात काय असतं, हे आपल्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

ओटी मॅनेजमेंट: सर्जिकल पीएसाठी सरळ वाट. लिस्ट लावणं, इम्प्लांटचा साठा, सीएसएसडीशी (उपकरणं निर्जंतुक करणाऱ्या विभागाशी) ताळमेळ, भूलतज्ज्ञांच्या वेळा.

विमा आणि सरकारी योजना: टीपीए (विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणारी संस्था) डेस्क, क्लेम, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारतचं काम. इथे एक सूचना. विमा आणि टीपीए कंपन्या क्लेम तपासायला सहसा बीएएमएस, बीएचएमएस डॉक्टर घेतात. जाहिरातीत 'मेडिकल ग्रॅज्युएट' लिहिलेलं असेल तर अर्ज करण्याआधी फोन करून विचारा. हॉस्पिटलच्या बाजूला मात्र ही अट बहुतेक नसते.

अवयव प्रत्यारोपण समन्वयक: याचा विचार फार कमी जण करतात. प्रत्यारोपण करणाऱ्या हॉस्पिटलला नोंदणीसाठी समन्वयक असणं कायद्याने बंधनकारक आहे. हे काम अर्धं क्लिनिकल आणि अर्धं प्रशासकीय असतं. झेडटीसीसीशी (अवयववाटप ठरवणाऱ्या विभागीय समितीशी) पत्रव्यवहार, कुटुंबाशी संवाद, कागदपत्रं, रात्री-अपरात्री ग्रीन कॉरिडॉरची (अवयव नेण्यासाठी मोकळ्या केलेल्या रस्त्याची) जुळवाजुळव. हार्ट, किडनी, लिव्हर युनिटमधल्या पीएंनी हे जरूर बघावं.

आणि एक गोष्ट स्पष्टच सांगते. 'मेडिकल सुपरिंटेंडेंट' हे पद जवळजवळ सगळीकडे एमबीबीएस किंवा त्यापुढच्या डॉक्टरांसाठी असतं. ते डोळ्यासमोर ठेवून निघालात तर दहा वर्षांनी निराशा पदरी येईल. ऑपरेशन्स हेड, क्वालिटी हेड, युनिट हेड ही पदं मात्र आपल्यासाठी खुली आहेत.

२. आहात तिथेच एक प्रक्रिया हातात घ्या

कोर्सला पैसे भरण्याआधीची ही पायरी आहे आणि बहुतेक जण नेमकी हीच गाळतात. आपल्याच वॉर्डातली एक अडचण निवडा, ती मोजा, थोडी सुधारा आणि लिहून ठेवा. पुढच्या प्रत्येक मुलाखतीत हेच तुमचं भांडवल असेल.

कुठली अडचण निवडावी असं मला विचारलंत तर मी डिस्चार्ज म्हणेन. एका पेशंटच्या घरी जाण्यात अख्खं हॉस्पिटल दिसतं. सकाळी साडेनऊला राउंडवर सर म्हणतात, "यांना आज सोडा." नातेवाईक तेव्हाच गाडी सांगून मोकळे होतात. मग समरीचा कच्चा मसुदा, तो टाइप होणं, सरांची सही. सर तोवर ओटीत गेलेले. एखादा कल्चर रिपोर्ट बाकी. सिस्टर उरलेली औषधं फार्मसीला परत पाठवतात; तिथे परतीची नोंद होईपर्यंत बिल बंद होत नाही. फिजिओ आणि डाएटिशियनची व्हिजिट सिस्टिममध्ये चढलेली नसते. फाइल बिलिंगला जाते, अंतिम बिल निघतं, टीपीएला मेल जातो, तिकडून क्वेरी येते, तिचं उत्तर द्यायला पुन्हा आपल्यालाच शोधलं जातं. संध्याकाळचे सहा वाजतात. बेड रिकामा झाला की मावशी तो साफ करणार, तेव्हा कुठे कॅज्युअल्टीत स्ट्रेचरवर थांबलेला पेशंट वर येणार.

यातला एकेक टप्पा वेळेसकट टिपा. वहीत किंवा एक्सेलमध्ये एवढेच रकाने पुरतात: राउंडला 'सोडा' म्हटल्याची वेळ, समरी तयार, सही, औषधं परत, फाइल बिलिंगला, बिल तयार, टीपीएला मेल, मंजुरी, पैसे भरले, पेशंट बेडवरून उठला. कॅश आणि कॅशलेस (ज्यांचं बिल विमा कंपनी थेट भरते ते) पेशंट वेगवेगळे ठेवा, नाहीतर सरासरीला काही अर्थ राहणार नाही. दोन-तीन आठवडे पुरेसे आहेत. कुठे सगळ्यात जास्त वेळ जातो ते बघितलं की बहुतेकांना धक्का बसतो, कारण प्रत्येक विभाग दुसऱ्याकडे बोट दाखवत असतो आणि आकडे भलतीकडेच बोट दाखवतात.

विम्याच्या टप्प्याकडे खास लक्ष द्या. विमा नियामक आयआरडीएआयच्या २०२४ च्या मास्टर सर्क्युलरनुसार कॅशलेसच्या पूर्वमंजुरीचा निर्णय एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी हॉस्पिटलची विनंती मिळाल्यापासून तीन तासांत द्यायची आहे. त्यापुढे उशीर झाला आणि हॉस्पिटलने त्याचे जादा पैसे लावले, तर ते विमा कंपनीने आपल्या भागधारकांच्या निधीतून भरायचे. पण हे घड्याळ सुरू होतं ते आपली विनंती पोचल्यावर. कागद दुपारी दोनला पाठवले तर आधीचे साडेचार तास आपल्याच खात्यावर जमा होतात.

क्वेरी कशावरून येतात तेही बघा. समरीत 'नोन केस ऑफ हायपरटेन्शन, सिन्स लाँग' असं लिहिलं की विमा कंपनी विचारणारच: किती वर्षांपासून? पॉलिसीच्या आधीपासून का? ओपीडी कागद कुठे आहेत? दाखल होताना पेशंटला आणि घरच्यांना नीट विचारून 'तीन वर्षांपासून, अमुक औषध सुरू' असं लिहिलं असतं तर ती क्वेरी आलीच नसती. हे वाक्य कोण लिहितं? बहुतेक वेळा पीए. म्हणजे ही सुधारणा तुम्ही उद्यापासून कुणाच्याही परवानगीशिवाय करू शकता.

इथे एक मोठा धोका आहे. क्लेम पास व्हावा म्हणून आजाराचा कालावधी बदलणं, मागच्या तारखेची नोंद करणं, खाडाखोड करणं असले आग्रह होतात. नातेवाईक गयावया करतात, कधी आतूनही सूचना येते. ठामपणे नाही म्हणा. केस पेपर हा कोर्टात उभा राहणारा पुरावा आहे आणि अक्षर तुमचं आहे.

मोजणी सुरू करण्यापूर्वी विभागप्रमुखांना आणि क्वालिटी विभागाला सांगा. वहीत पेशंटचं नाव, फोन, नोंदणी क्रमांक लिहू नका; १, २, ३ असे क्रमांक द्या. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे, आणि कायदा नसता तरी पेशंटची माहिती आपल्या बायोडेटासाठी नाही.

३. हॉस्पिटलची भाषा शिका: पाच-सहा आकडे

एमबीए झालेल्यांसमोर आपण अवघडतो ते या आकड्यांमुळे. प्रत्यक्षात ते आठवीच्या गणिताच्या पुढचे नाहीत.

समजा १०० बेडचं हॉस्पिटल आहे आणि महिना ३० दिवसांचा. उपलब्ध बेड-दिवस ३,०००. रोज रात्री बारा वाजता भरलेले बेड मोजून महिन्याची बेरीज २,४०० आली, तर ऑक्युपन्सी ८० टक्के. त्या महिन्यात ६०० पेशंट घरी गेले असतील तर सरासरी मुक्काम, ज्याला सगळे एएलओएस म्हणतात, ४ दिवसांचा. आता उपचारांत काहीही कमी न करता, केवळ रिपोर्ट वेळेवर आले आणि डिस्चार्ज आदल्या दिवशी ठरले म्हणून तो साडेतीन दिवसांवर आला, तर त्याच ६०० पेशंटना २,१०० बेड-दिवस पुरतात. ३०० बेड-दिवस मोकळे झाले, म्हणजे आणखी सुमारे ८५ पेशंट. एकही नवा बेड न घेता. हे गणित मालकांना, ट्रस्टींना आणि सीओओंना (कामकाजाच्या मुख्य अधिकाऱ्यांना) चटकन कळतं आणि त्याचा पहिला आकडा तुमच्या वॉर्डातून निघतो.

याशिवाय ओटीचा वापर किती टक्के, पहिली केस ठरलेल्या वेळी सुरू होते का, प्रत्येक भरलेल्या बेडमागे रोजचं सरासरी उत्पन्न, आणि स्थिर खर्च व बदलता खर्च यांतला फरक, एवढं समजलं की सुरुवातीला चालतं. एक्सेलमध्ये पिव्होट टेबल आणि साधा आलेख काढता आलाच पाहिजे. यासाठी महागडा कोर्स नको. आपल्याच डिस्चार्जच्या वहीवर हात बसवा.

४. परवाने आणि कायदे

हा भाग कंटाळवाणा वाटतो म्हणून नवीन माणसाच्या गळ्यात पडतो. पडू द्या. परवान्यांचं रजिस्टर ज्याच्या हातात, त्याला हॉस्पिटल खरं कळतं.

महाराष्ट्रात हॉस्पिटलची नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग होम्स रजिस्ट्रेशन अ‍ॅक्ट, १९४९ खाली होते. त्याचे नियम २०२१ मध्ये सुधारले गेले आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं त्यात आलं. जैववैद्यकीय कचऱ्यासाठी २०१६ चे नियम आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी: पिवळी, लाल, पांढरी, निळी ही वर्गवारी तुम्हाला पाठ आहेच, आता तिचं वजन, बारकोड आणि वार्षिक अहवालही तुमचा. सोनोग्राफी असेल तिथे पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा), म्हणजे फॉर्म एफ आणि पुढच्या महिन्याच्या पाच तारखेपर्यंत जाणारा मासिक अहवाल. यात कारकुनी चूक म्हणून सुटका नसते. एक्स-रे, सीटी, कॅथलॅबसाठी एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) परवानगी. शिवाय लिफ्ट, रक्तपेढी, फार्मसी, एमटीपी (गर्भपात) यांचे परवाने.

आणि आग. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा तपासून 'फॉर्म बी' दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावा लागतो. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि १० बाळं गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या आयसीयूत आग लागून ११ रुग्ण दगावले. फायर ड्रिल म्हणजे फोटोपुरता कार्यक्रम, असं समजणाऱ्या प्रत्येकासमोर ही नावं ठेवा. आपण क्लिनिकलमधून आलोय, व्हेंटिलेटरवरचा पेशंट हलवायला किती माणसं, किती ऑक्सिजन सिलिंडर आणि किती मिनिटं लागतात हे आपल्याला माहीत आहे. ड्रिल आखताना हे ज्ञान इंजिनिअरकडे नसतं.

एनएबीएचचं पुस्तक स्वतः वाचा, कुणाच्या नोट्स नकोत. सध्याची सहावी आवृत्ती २०२५ मध्ये आली. दहा प्रकरणं आहेत. पहिली पाच पेशंटभोवतीची, उरलेली पाच संस्थेभोवतीची. पहिल्या पाचांत तुम्ही आधीपासूनच पोहताय: दाखल करणं, उपचार, औषधव्यवस्था, रुग्णहक्क, संसर्गनियंत्रण. म्हणून सुरुवात सहाव्यापासून करा. मानकं राबवण्याचं एनएबीएचचं काही दिवसांचं प्रशिक्षणही असतं. खर्च हॉस्पिटलने केला तर उत्तम, नाही केला तरी बायोडेटात त्याचं वजन आहे.

५. पदवी: कुठली, केव्हा, आणि कुठली नको

एक-दोन वर्षं वरचं काम केल्यावर पदवी घ्या. आधी घेतली तर वर्गात सगळं पुस्तकी वाटतं. नंतर घेतली तर प्रत्येक तासाला आपला वॉर्ड आठवतो.

पूर्णवेळ करायचं असेल तर मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचा मास्टर ऑफ हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेशन हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम जुना आणि मानाचा आहे. पुण्यात सिम्बायोसिसच्या आरोग्यविज्ञान संस्थेत हॉस्पिटल अँड हेल्थकेअर मॅनेजमेंटचं एमबीए आहे, प्रवेश स्नॅप परीक्षेतून. महाराष्ट्राबाहेर जयपूरचं आयआयएचएमआर नावाजलेलं आहे. नोकरी सांभाळून करायचं तर टाटा इन्स्टिट्यूटचा कार्यकारी पदविका अभ्यासक्रम आणि इग्नूचा हॉस्पिटल अँड हेल्थ मॅनेजमेंटचा पदव्युत्तर डिप्लोमा बघा. इग्नूत कुठल्या पदवीधरांना प्रवेश मिळतो ते त्या वर्षीच्या माहितीपत्रकात स्वतः वाचा. एजंटच्या शब्दावर फी भरू नका.

पुण्याच्या एएफएमसीत किंवा दिल्लीच्या एम्समध्ये हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचा पदव्युत्तर वैद्यकीय अभ्यासक्रम आहे हे ऐकून काहींना आशा वाटते. तो एमबीबीएस डॉक्टरांसाठी आहे.

आता सापळे.

'सहा महिन्यांत एमबीए' अशी जाहिरात दिसली की तिथून निघा. दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी असेल तर विद्यापीठ आणि तो विशिष्ट अभ्यासक्रम यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत त्या वर्षासाठी आहे का, हे बघा. विद्यापीठ यादीत असून अभ्यासक्रम नसतो, हे अनेकांना फार उशिरा कळतं.

आपली मूळ पदवी तपासा. पीएचं शिक्षण मान्यताप्राप्त विद्यापीठाच्या बीएस्सी पदवीचं असेल तर एमबीएला अडचण येत नाही. पण खासगी संस्थेच्या प्रमाणपत्रावर वर्षानुवर्षं 'पीए' म्हणून काम करणारेही आहेत. त्यांना आधी कुठलीतरी पदवी पूर्ण करावी लागेल. ते आजच कळलेलं बरं.

कुठल्याही कोर्सला तीन प्रश्न विचारा: इंटर्नशिप कुठल्या हॉस्पिटलांत होते, शिकवणाऱ्यांपैकी किती जण प्रत्यक्ष हॉस्पिटल चालवतात, आणि आरोग्यसेवेचा खर्च कसा काढायचा हा विषय किती तासांचा आहे. तिसऱ्या प्रश्नाला जिथे गोलमोल उत्तर येतं तिथे फी भरू नये असं माझं मत आहे.

६. बायोडेटा आणि मुलाखत

क्लिनिकल बायोडेटा जसाच्या तसा पाठवू नका. 'सीएबीजीत (बायपास शस्त्रक्रियेत) असिस्ट केलं, आयसीयूतले पेशंट सांभाळले' हे खरं असलं तरी समोरच्याला त्यातून तुमचं व्यवस्थापन दिसत नाही. त्याऐवजी: 'वॉर्डातल्या डिस्चार्जचे दहा टप्पे मोजले, समरी आदल्या संध्याकाळी तयार करण्याची पद्धत सुरू केली, वेळ इतका होता, इतका झाला.' आकडा खराच लिहा, लहान असला तरी. मुलाखत घेणारे त्यावर खोदून विचारतात आणि खऱ्या आकड्यामागची गोष्ट माणूस न अडखळता सांगतो.

हे प्रश्न नक्की येतात: चांगलं क्लिनिकल काम सोडून इकडे का? एखादा सीनियर कन्सल्टंट रोज ओपीडीला तासभर उशिरा येतो, काय कराल? बिलावरून वीस नातेवाईक जमलेत, पहिलं काम कुठलं? दुसऱ्या प्रश्नाला 'मॅनेजमेंटला कळवीन' हे उत्तर देऊ नका. त्यांच्या ओपीडीच्या महिन्याभराच्या वेळा, पेशंट किती थांबले, किती परत गेले हे कागदावर घेऊन त्यांना एकट्यात भेटायचं. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर काढलं की ते कायमचे दुरावतात.

७. ऑफर लेटरमध्ये काय लिहून घ्यायचं

सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. "अर्धा दिवस वॉर्ड बघा, अर्धा दिवस अ‍ॅडमिन. पुढे बघू." माझ्या आधीच्या एका हॉस्पिटलमध्ये माझं असंच चाललं होतं: ऑडिट मी करायचे, रोस्टर मी लावायचे, कागदावर हुद्दा मात्र तोच आणि पगारही तोच. 'पुढे' कधी आलं नाही. म्हणून या गोष्टी लेखी घ्या: हुद्द्याचं नाव, कोणाला रिपोर्ट करायचं, क्लिनिकल ड्युटी असेल तर आठवड्याला किती तास, रात्रीची जबाबदारी, आणि सहा महिन्यांनी आढावा कोण घेणार.

पगार सुरुवातीला तेवढाच किंवा थोडा कमी मिळू शकतो, विशेषतः एक्झिक्युटिव्ह पदावर. ऑन-कॉल आणि ओटीचे भत्ते बंद होतात, ते हिशेबात धरा. गृहकर्ज असेल तर घरच्यांशी आधीच मोकळेपणी बोला.

८. पहिले काही महिने

कालपर्यंत ज्या सिस्टर तुमच्याबरोबर डबा खायच्या त्या आज तुम्ही आलात की बोलणं थांबवतात. तुम्ही 'मॅनेजमेंट'चे झालात. हे मनाला लावून घेऊ नका, पण दुर्लक्षही करू नका. सकाळचा पहिला तास केबिनमध्ये बसू नका. वॉर्ड, सीएसएसडी, लॉन्ड्री, किचन, एमआरडी (रुग्णांच्या फाइलींचा विभाग) सगळीकडे जा. वॉर्डमधले मामा-मावशी जे सांगतात ते कुठल्याही रिपोर्टमध्ये नसतं: कुठली ट्रॉली अडते, कुठल्या बाथरूमचं पाणी जिरत नाही, रात्री ऑक्सिजनचा सिलिंडर आणायला नेमका कोण जातो.

पहिल्या महिन्यात नियम बदलू नका. ऐका, मोजा, लिहा. मग एकच छोटी गोष्ट पूर्ण करा, अशी की जिचा फायदा स्टाफला दिसेल. लिननचा इंडेंट (चादरी-कपड्यांची मागणी) वेळेवर येऊ लागला, एवढ्यानेही माणसं तुमच्या बाजूची होतात.

इन्सिडेंट रिपोर्ट आला की पहिला प्रश्न 'कोणी केलं?' हा नसावा. औषध चुकीचं गेलं असेल तर दोन सारख्या दिसणाऱ्या व्हायल एकाच खणात होत्या का, त्या पाळीत सिस्टर किती होत्या, ऑर्डर तोंडी होती का, हे विचारा. शिक्षेची भीती बसली की रिपोर्ट येणं बंद होतं आणि चुका होतच राहतात. आपण तिथे उभे राहिलेलो आहोत, म्हणून हा फरक आपल्याला पडला पाहिजे.

आणि क्लिनिकल सल्ला देण्याचा मोह आवरा. नातेवाईक ओळखीचे म्हणून विचारतील, "मॅडम, हे औषध चालेल का?" आता ते तुमचं काम नाही. संबंधित डॉक्टरांना फोन लावून द्या.

९. मागचं दार बंद करू नका

क्लिनिकल ओळख टिकवून ठेवा. २०२१ च्या कायद्याखाली राज्य परिषदेच्या नोंदणीची सूचना येईल तशी आपली नोंद करा, 'आता मी अ‍ॅडमिनमध्ये आहे' म्हणून सोडू नका. बीएलएस, एसीएलएसची (आपत्कालीन जीवरक्षणाच्या प्रशिक्षणांची) प्रमाणपत्रं चालू ठेवा. अमेरिकेत पीए म्हणून काम करणाऱ्या मराठी वाचकांसाठी: व्यवस्थापनात गेलात तरी एनसीसीपीएचं (तिथल्या पीएंना प्रमाणित करणाऱ्या संस्थेचं) प्रमाणपत्र टिकवायचं असेल तर दर दोन वर्षांनी १०० सीएमई (सतत वैद्यकीय शिक्षणाची) क्रेडिट आणि दहा वर्षांच्या चक्रातली फेरपरीक्षा चुकवता येत नाही. तिथे मोठ्या हॉस्पिटलांत सगळ्या पीए आणि नर्स प्रॅक्टिशनरांचा कारभार बघणारी संचालकपदं असतात. म्हणजे व्यवसाय न सोडता व्यवस्थापनात जाण्याची सोय तिथे आहे, आपल्याकडे ती अजून व्हायची आहे.

लागणारी कागदपत्रं

पदवी प्रमाणपत्र, सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका आणि इंटर्नशिपचा दाखला.
विद्यापीठ मान्यताप्राप्त असल्याचा कागद किंवा यादीतली नोंद.
प्रत्येक हॉस्पिटलचं अनुभवपत्र, तारखा आणि हुद्द्यासकट. त्यात 'फिजिशियन असिस्टंट' पूर्ण लिहिलेलं हवं, नुसतं 'पीए' नको.
ऑडिट, कमिटी किंवा एनएबीएचच्या तयारीत काम केलं असेल तर त्याचं विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र.
बीएलएस, एसीएलएस आणि प्रशिक्षणांची प्रमाणपत्रं.
शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या आणि रिलीव्हिंग लेटर.
आपल्या सुधारणेच्या कामाचा दोन पानी अहवाल, पेशंटची कुठलीही ओळख नसलेला आणि हॉस्पिटलने बाहेर दाखवायला परवानगी दिलेला.

अनुभवपत्र नोकरी सोडल्यावर मागू नका. एचआरची माणसं बदलतात, सर दुसऱ्या हॉस्पिटलला जातात, आणि तुम्ही ऑडिट केलंत हे सांगणारं कुणी उरत नाही. राजीनामा देण्याच्या आधीच्या महिन्यात मसुदा तुम्हीच तयार करा, सरांना वाचून दाखवा, लेटरहेडवर सही आणि शिक्का घ्या, आणि दोन प्रती करून एक घरी ठेवा.